खांबांचे खड्डे खणण्याआधी : कोकण किनाऱ्यावरच्या रडारबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
शास्त्रज्ञ व अभियंते,
राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, चेन्नई
आणि भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस), हैदराबाद

माहितीसाठी : बिनतारी नियोजन व समन्वय शाखा, नवी दिल्ली, भारतीय तटरक्षक दल

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत रजिस्टर्ड पोस्टाने वेगळी पाठवली आहे. मराठीत ते मुद्दाम उघडं टाकतोय, कारण ज्या किनाऱ्याबद्दल ते आहे तिथल्या माणसांनीही ते वाचावं. आमच्याकडे रडार म्हटलं की दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, "मिलिटरीचं असेल, आपल्याला काय करायचंय!" दुसरी, "त्या लहरींनी आंब्याला मोहोर धरत नाही म्हणे." दोन्ही ऐकून कान किटले. ज्या रडारबद्दल मी बोलणार आहे, त्यातलं एक चांगलं चाललेलं मॉडेल सरासरी तीसेक वॉटवर चालतं. आजीच्या देवघरातला जुना पिवळा बल्ब चाळीस वॉटचा होता. मोहोर गळतो तो तुडतुड्याने आणि अवकाळी पावसाने.

माझी ओळख थोडक्यात. व्यापारी जहाजांवर मी रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी आम्हाला 'मार्कोनीसाब' म्हणायचे. १९९९ मध्ये जहाजांवरची मोर्सची सक्ती संपली, तशी आमची जमातही संपली. आता रत्नागिरीत घर आहे, हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स आहे, गच्चीवर तारा आहेत आणि त्या ताणायला वर चढलो की गुडघे बोलतात. मी शास्त्रज्ञ नाही. पण शॉर्ट वेव्ह बँडवर कान ठेवून आयुष्य काढलेला माणूस आहे, आणि समुद्रावरून रेडिओ लहर कशी चालते ते मी पुस्तकात वाचण्याआधी हेडफोनमधून शिकलो.

२००८ नंतर तुम्ही देशाच्या किनाऱ्यावर समुद्रप्रवाह मोजणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे शॉर्ट वेव्हवरच्या, रडारचं जाळं उभं केलंत. तमिळनाडू, आंध्र, ओडिशा, गुजरात आणि अंदमान, प्रत्येकी एक जोडी, एकूण दहा ठिकाणं, साधारण साडेचार मेगाहर्ट्झवर. काम चोख आहे. पण त्या पहिल्या दहात गुजरातच्या खंभातच्या आखाताखाली अख्खी पश्चिम किनारपट्टी कोरी राहिली. महाराष्ट्र नाही, गोवा नाही, कर्नाटक नाही, केरळ नाही. आज ना उद्या आमच्याकडे जोडी येईल असं मी धरून चाललोय. माझं मागणं त्या उद्याबद्दल आहे: ती जोडी फक्त पाणी मोजणारी उभारू नका. पाण्यालगत उडणारं हेलिकॉप्टर, तटरक्षक दलाचं डॉर्नियर विमान, ट्रान्सपाँडर (स्वतःची ओळख सांगणारं यंत्र) बंद पडलेलं एखादं छोटं विमान यांचा मागही तिला काढता येईल अशी तिची आखणी पहिल्या दिवसापासून करा. मागाहून ते जमत नाही. का जमत नाही, तेच पुढे सांगायचं आहे.

पण त्याआधी याची गरज काय ते.

इन्कॉइसचं 'सारॅट' नावाचं साधन २०१६ पासून आहे. समुद्रात माणूस वा बोट हरवली की ती वाहत वाहत कुठं गेली असेल याचा संभाव्य नकाशा ते काढून देतं. फार उपयोगाची चीज आहे. पण ते पहिला प्रश्न काय विचारतं? शेवटचं ठिकाण कुठलं, आणि वेळ काय? बोट असेल तर शेजारच्या बोटीवाला सांगतो, बंदरावर कोणाला तरी ठाऊक असतं. हेलिकॉप्टर असेल तर?

१३ जानेवारी २०१८ ची सकाळ आठवा. जुहूहून मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे निघालेलं हेलिकॉप्टर, आत सात माणसं. उडाल्यावर थोड्याच वेळात संपर्क तुटला. अवशेष डहाणूच्या बाजूच्या समुद्रात सापडले, सातांतलं कोणी वाचलं नाही. २८ जून २०२२ ला दुसरं एक हेलिकॉप्टर तेलविहिरीच्या रिगजवळच पाण्यात गेलं, नऊपैकी चार दगावले, पाच वाचले. वाचले ते कशामुळे? जागा डोळ्यांदेखत होती म्हणून. रडारने ते हेलिकॉप्टर पडायचं थांबलं असतं असं मी म्हणत नाही, कोणी म्हणत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. मी एवढंच म्हणतो की पडल्यानंतरच्या पहिल्या तासात 'कुठं' या प्रश्नाचं उत्तर लागतं, आणि दुसऱ्या तासापासून 'पाणी कुठं नेतंय' याचं. ही दोन्ही उत्तरं एकाच यंत्रातून निघू शकतात. माझ्या माहितीत असं दुसरं यंत्र नाही.

नेहमीचं विमानतळाचं रडार इथं का पुरत नाही, ते माझ्या गच्चीवर या म्हणजे दाखवतो. माझ्याकडे दोन-अडीच हजारांचा एक डोंगल आहे, लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर. विमानं स्वतःहून आपला ठावठिकाणा १०९० मेगाहर्ट्झवर ओरडून सांगतात, ते तो पकडतो. गच्ची समुद्रापासून दहाएक मीटर उंच धरा. अकरा किलोमीटर उंचीवरून आखाताकडून येणारं प्रवासी विमान मला हिशेबाने साडेचारशे किलोमीटरपर्यंत दिसू शकतं, आणि हवा चांगली असेल तर जवळजवळ तेवढं दिसतंही. दुबईहून येणाऱ्यांची रांग लॅपटॉपवर मुंग्यांसारखी सरकते. तेच एखादं हेलिकॉप्टर तीनशे मीटरवरून जात असेल तर पंच्याऐंशी किलोमीटरच्या आतच ते क्षितिजाखाली बुडतं. शंभर मीटरवर असेल तर पंचावन्नलाच. इथं पृथ्वीचा गोलावा आड येतो, त्यामुळे रडार कितीही महाग आणलंत तरी त्याची नजर सरळ रेषेतच जाणार. तीस मीटरच्या मनोऱ्यावर चढवलंत तरी शंभर मीटरवरचं हेलिकॉप्टर पासष्टच्या पुढे दिसत नाही. मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आहे.

आता हेडफोनमधून शिकलेली गोष्ट. जहाजावर दिवसा ५०० किलोहर्ट्झवर आम्ही मुंबई रेडिओशी, म्हणजे व्हीडब्ल्यूबीशी, दोन-अडीचशे मैलांवरून बोलायचो. मध्ये नुसतं पाणी असेल तर सिग्नल ठणठणीत. तेच मध्ये एखादं भूशिर आलं, नदीच्या मुखात शिरलो, की तोच सिग्नल घसा बसल्यासारखा व्हायचा. कारण असं की उभ्या ध्रुवीकरणाची, म्हणजे उभ्या तारेतून निघालेली, लहर खाऱ्या पाण्याला धरून चालते. समुद्राचं पाणी कोरड्या जमिनीपेक्षा शेकडो-हजारो पटींनी चांगलं वाहक आहे, म्हणून ती लहर पाण्याच्या गोलाव्याबरोबर वाकत क्षितिजापलीकडे उतरते. वारंवारता जितकी कमी तितकी लांब. हीच 'सरफेस वेव्ह'. तुमची दहाही रडारं याच्याच जोरावर चालतात, म्हणून हे तुम्हाला सांगायची गरज नाही. वाचणाऱ्यांसाठी सांगतोय.

आणि विमान शोधायला शॉर्ट वेव्ह वापरायची ही कल्पना काही नवी नाही. रडारचा पाळणाच तिथं हलला. २६ फेब्रुवारी १९३५ ला इंग्लंडात डॅव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॅट आणि विल्किन्स या दोघांनी बीबीसीच्या ४९ मीटर बँडच्या ट्रान्समीटरसमोरून एक हेफर्ड बॉम्बर उडवून घेतलं आणि आठ मैलांपर्यंत त्याचा परतावा, म्हणजे त्यावर आपटून परतलेली लहर, पाहिला. हेफर्डच्या पंखांचा विस्तार तेवीसेक मीटर, म्हणजे लहरीच्या जवळजवळ निम्मा. आख्खं विमानच अँटेनासारखं घुमलं. पुढे याच मार्गाने इंग्रजांचं 'चेन होम' उभं राहिलं. पण त्याच्या लहरी आडव्या ध्रुवीकरणाच्या, त्या पाण्याला धरत नाहीत. पाण्यालगत येणारी विमानं खालून निसटायची, म्हणून दीड मीटर लहरीचं 'चेन होम लो' वेगळं उभारावं लागलं.  

१९५५ मध्ये न्यूझीलंडच्या क्रॉम्बीने समुद्रावरून परत येणाऱ्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरीत एक गंमत पाहिली. परतावा वारंवारतेत थोडासा सरकलेला, आणि सरकणं नेहमी ठरावीक. रडारच्या लहरीच्या बरोबर निम्म्या लांबीच्या समुद्रलाटा तेवढ्या जोराने बोलतात, बाकीच्या गप्प. तुमचं प्रवाहमापन त्यावरच उभं आहे. आणि माझा सगळा युक्तिवादही, उलट्या अंगाने, त्यावरच.

साडेबारा मेगाहर्ट्झ धरा, लहर २४ मीटर. वस्तू जितक्या वेगाने जवळ येते, तितका तिचा परतावा जास्त सरकतो. समुद्राचा आवाज शून्याच्या दोन्ही अंगांना ०.३६ हर्ट्झवर दोन सुळक्यांसारखा उभा राहतो. दहा नॉटने येणारं मालवाहू जहाज ०.४३ हर्ट्झवर दिसतं, म्हणजे त्या सुळक्याच्या अगदी बगलेत. म्हणून जहाज शोधणाऱ्यांचं आयुष्य समुद्राशी भांडण्यात जातं. ताशी अडीचशे किलोमीटरने येणारं हेलिकॉप्टर मात्र थेट ५.८ हर्ट्झवर असतं. प्रवासी विमान १९ हर्ट्झच्या आसपास. तिथं समुद्राचा गोंगाट नाही. मोकळं माळरान. विमानाला भांडावं लागतं ते फक्त आकाशातून येणाऱ्या खरखरीशी.

मग आजची रडारं ते का टिपत नाहीत? कारण ती सेकंदाला मोजकेच स्वीप, म्हणजे लहरींचे फेरे, मारतात, एक, दोन, फार तर चार. पाण्याला तेवढे भरपूर होतात. पण सेकंदाला चार स्वीप म्हणजे उणे दोन ते अधिक दोन हर्ट्झ एवढीच खिडकी. त्याच्या बाहेरचं सगळं दुमडून आत येतं. सिनेमात घोडागाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसंच. ५.८ वरचं हेलिकॉप्टर तिथं १.८ वर खोटं बनून बसतं. त्यात तुम्ही पाण्यासाठी मिनिटामिनिटांचा डेटा एकत्र गोळा करता, आणि रडार अंतराचे जे तुकडे, म्हणजे 'घरं', पाडतं, त्यातली कितीतरी घरं तेवढ्या वेळात विमान ओलांडून गेलेलं असतं. ५० किलोहर्ट्झ बँडविड्थला एक घर तीन किलोमीटरचं. हेलिकॉप्टर ते ४३ सेकंदांत पार करतं, प्रवासी विमान तेरा सेकंदांत. मागे राहतो पुसट डाग, आणि तुमचं सॉफ्टवेअर तो कचरा समजून शहाण्यासारखं झटकून टाकतं.

तेव्हा कोणी मंत्रालयात बसून "आहे त्या रडारच्या डेटातूनच विमानं काढा की" म्हणेल, त्याला सांगा की नाही निघत. जे नोंदलंच गेलं नाही ते काढणार कुठून? स्वीप सेकंदाला निदान पंधरा-वीस हवेत हेलिकॉप्टरसाठी, चाळीसच्या वर हवेत वेगवान विमानांसाठी. कच्चा डेटा साठवायची सोय हवी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अँटेनांची रांग हवी.

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण खड्डे इथलेच आहेत.

तुमच्या आजच्या यंत्रांचा रिसीव्हर म्हणजे एका खांबावर बसवलेली आटोपशीर अँटेना. जागा कमी, चोरी कमी, परवानग्या कमी. मी तुमच्या जागी असतो तर मीही तेच घेतलं असतं. पण तिला अरुंद झोत करता येत नाही. ती सगळीकडून ऐकते आणि मग गणिताने दिशा ओळखते. अख्खा समुद्र बोलत असतो तेव्हा ते चालतं. एकटं, किरकोळ आवाजाचं हेलिकॉप्टर असेल तर ओढाताण होते. आणि आवाज किरकोळ असणारच. आपली लहर उभी, हेलिकॉप्टरची उभी उंची तीन-चार मीटर, लहर चोवीस मीटर. हेफर्डसारखं ते घुमत नाही. सोळा अँटेनांची रांग केली, अर्ध्या लहरीच्या अंतराने, तर साडेबारा मेगाहर्ट्झला १८० मीटर लांबी लागते आणि झोत सातेक अंशांचा होतो. म्हणजे शंभर किलोमीटरवर बारा किलोमीटर रुंदी. अचूक नव्हेच, पण दोन ठिकाणांहून दोन झोत एकमेकांना छेदले की चौकट लहान होते. साडेचार मेगाहर्ट्झला मात्र तीच रांग अर्धा किलोमीटर. गुहागरला सहा किलोमीटरची पुळण आहे, तिथं बसेल. रत्नागिरीच्या भाट्याच्या पुळणीवरही बसेल, पण मग भाट्याच्या संध्याकाळी काय उरेल ते तिथल्या लोकांना विचारा.

सड्यावर नको. नकाशावर कातळाचा सडा मोकळा, उंच, सरकारी दिसतो, आणि तुमच्या सर्वेक्षणाला येणाऱ्या माणसाला तो फार आवडेल. त्याला सांगा, जांभा दगड आणि शंभर मीटर जमीन म्हणजे मघाच्या त्या घसा बसलेल्या सिग्नलची पहिली पायरी. अँटेनाचे पाय भरतीच्या रेषेला जवळजवळ टेकलेले हवेत. उंचीचा इथं फायदा नाही. हे एरवी उलट असतं, म्हणून दहा वेळा सांगावं लागतं.

आणि पुळणीवर एकटे नसता. सिंधुदुर्गाकडे रापणीचे दोर किनाऱ्यावर ओढतात, पावसाळ्याआधी होड्या वर घेतात, मासळी वाळत घालतात. तुमच्या केबली त्यांच्या वाटेत आल्या तर पहिल्या महिन्यात तुटतील, आणि चूक तुमची असेल. रापणकऱ्यांशी आधी बसा. खांब दोन ओढींच्या मधल्या जागेत येतील असे मांडता येतात, अर्ध्या लहरीत थोडं इकडेतिकडे झालं तर गणित सांभाळून घेतं. सुरूच्या बनाच्या कडेने रांग नेली तर सावलीही राहील आणि वाराही अडेल.

खाऱ्या वाऱ्याबद्दल. मागच्या वर्षी मे अखेर मी डायपोलचा कनेक्टर नवा लावला, वरून रबराची टेप, टेपवर ग्रीस. दसऱ्याला उघडला तर आत तांब्यावर मोरचुदासारखं हिरवं चढलेलं आणि मधली पिन बोटाने मोडली. एका पावसाळ्यात. तुमचे सोळा अँटेना म्हणजे निदान बत्तीस कनेक्टर. त्यातले दोन जरी आतून हिरवे झाले तर झोत वाकडा होतो, आणि वाकडा झाल्याचं यंत्र सांगत नाही. ते बिनदिक्कत चुकीची दिशा दाखवत राहतं. गावातला एक आयटीआय झालेला पोरगा, महिन्याला पगार, हातात मीटर आणि कनेक्टरांची पिशवी, हे अंदाजपत्रकात पहिल्या पानावर हवं. चेन्नईहून माणूस येईपर्यंत दिवाळी होते. आणि तांब्याच्या अर्थिंगच्या पट्ट्या वाळूत खोल पुरा. भंगारवाल्याला त्या रडारपेक्षा आधी सापडतात.

आता वारंवारतेचं. इथं मी हॅम म्हणून बोलतोय, थोडा आवाज चढेल.

१९७६ पासून पुढची बारा-तेरा वर्षं शॉर्ट वेव्हवर एक सुतारपक्षी बसला होता. सेकंदाला दहा टकटक, कधी या बँडवर तर कधी त्या. सोव्हिएत युनियनचं क्षितिजापलीकडचं रडार, आकाशावरून लहर आपटवणारं. आम्ही जहाजावर हवामानाचा संदेश घेत असताना मध्येच ते यायचं आणि अर्धी ओळ खाऊन जायचं. तेव्हापासून 'रडार' आणि 'शॉर्ट वेव्ह' हे शब्द एकत्र आले की आम्हा जुन्या लोकांच्या कपाळाला आठी पडते. कॅनडाने न्यूफाउंडलंडला केप रेस आणि केप बोनाव्हिस्टा इथं जहाजं पाहणारी सरफेस वेव्ह रडारं उभारली होती. जहाजं दोनशे सागरी मैलांपर्यंत दिसायची. अडलं ते वारंवारतेच्या परवान्यावर. पुढे हॅलिफॅक्सजवळ हार्टलेन पॉइंटला त्यांनी नवं यंत्र केलं, जे आधी बँड ऐकतं, मोकळी जागा बघतं आणि मगच बोलतं. शहाणपण आलं, पण परवाना हातचा गेल्यावर.

तुमच्या जातीच्या रडारांसाठी २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ठरावीक पट्टे नेमून दिले आहेत, ६१२ क्रमांकाच्या ठरावात अटी आहेत. ताकद २५ डीबीडब्ल्यूच्या वर नाही, म्हणजे सुमारे ३१६ वॉट. आणि प्रत्येक केंद्राने निदान वीस मिनिटांतून एकदा आपली ओळख मोर्समध्ये, हाताच्या गतीने, पाठवायची. हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. आमची जमात संपवली आणि मोर्स रडारच्या गळ्यात बांधला! पण त्यातलं खरं कलम दुसरं आहे. हे पट्टे समुद्रविज्ञानाच्या रडारपुरते आहेत. त्यात चोरून विमानं मोजायला लागलात तर उद्या शेजारचा देश बोट दाखवेल आणि तुमचं पाणी मोजणंही अडचणीत येईल. म्हणून विमानाच्या स्वीपसाठी प्रायोगिक परवाना वेगळा मागा, आत्ताच मागा. दिल्लीच्या शाखेला प्रत त्यासाठीच पाठवतोय. आधी ऐकणारं, मग बोलणारं यंत्र मागा. सुतारपक्षी पुन्हा नको.

दोष झाकून मी काही विकणार नाही. रात्री आयनोस्फिअरचा, म्हणजे खूप उंचावरच्या विद्युतभारित हवेचा, खालचा थर विरतो आणि हजार कोसांवरची स्टेशनं खोलीत येऊन बसतात. रडारचा पल्ला त्या गोंगाटात जवळजवळ निम्म्यावर येतो. मे महिन्यात वळवाच्या विजा सुरू झाल्या की माझ्या मीटरची सुई उड्या मारते. पावसाळ्यात समुद्र खवळला की लहर पाण्यावरून चालताना दमते. म्हणजे हेलिकॉप्टरला जेव्हा सगळ्यात जास्त धोका, तेव्हाच रडार अर्धं बहिरं. शिवाय आपण विषुववृत्ताजवळ. थेट डोक्यावरचा थर शंभर किलोमीटरवर असतो, त्याचा परतावा नेमका शंभर किलोमीटरच्या घरात येऊन पडतो आणि त्या अंतरावरचं विमान झाकतो. त्याच्या वरचा थर तेच काम अडीचशे-तीनशेला करतो. हे सोडवायला परदेशी मॅन्युअल पुरणार नाही. पण आयनोस्फिअर पाहणारी माणसं तुमच्या दारातच आहेत, नव्या पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेत. त्यांची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून तिथं का आहे माहीत आहे ना? मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकसुई डळमळेल, या काळजीने ती समुद्र ओलांडून गेली. शेजाऱ्याच्या विजेचा त्रास ओळखून आधीच जागा बदलणारी ती परंपरा आहे. तुमच्या जागेच्या समितीत त्यांचा एक माणूस घ्या. गोव्याच्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा एक घ्या, पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहणारा हा आमचा किनारी प्रवाह त्यांनी अभ्यासलेला आहे.

उंची या रडारला कळत नाही, हेही लिहून ठेवा. अंतर, वेग, अंदाजे दिशा. बस.

"एवढ्या खटाटोपापेक्षा रिगवर डोंगल लावा की," असं माझा भाचा म्हणतो. तो बरोबर आहे. अमेरिकेने २००९ च्या अखेरीस मेक्सिकोच्या आखातात तेच केलं, तेलविहिरींच्या फलाटांवर विमानांचे रेडिओ संदेश ऐकणारी केंद्रं बसवली, आणि तिथल्या हेलिकॉप्टरांचं चित्र पालटलं. मुंबई हायला ते व्हायलाच हवं आणि रडारच्या आधी व्हायला हवं. स्वस्त आहे, अचूक आहे, उंचीही सांगतं. पण ते सांगतं ते विमान बोलत असेपर्यंत. ८ मार्च २०१४ ला मलेशियाचं विमान २३९ माणसांसह गप्प झालं आणि पहिले काही दिवस सगळं जग चुकीच्या समुद्रात शोधत होतं. वीज गेलेलं हेलिकॉप्टरही असंच गप्प होतं. डोंगल बोलणाऱ्याला ऐकतो, रडार गप्प बसलेल्याला पाहतं. आणि रडारची चाचणी घ्यायलाही तोच डोंगल लागेल, कारण खरं विमान त्या क्षणी कुठं होतं हे दुसरं कोण सांगणार? इटलीत २००९ साली हीच रीत जहाजांसाठी वापरली गेली. पाल्मारिया बेट आणि सान रोस्सोरे इथली प्रवाह मोजणारी दोन रडारं, साडेबारा मेगाहर्ट्झच्या आसपासची, नाटोच्या संशोधन केंद्राने जहाजांच्या मागावर लावली आणि जहाजं स्वतःचा ठावठिकाणा सांगतात त्या एआयएस संदेशांशी ताडून पाहिली. पाणी मोजणं बंद न करता. त्यांच्या रांगा आधीच होत्या, म्हणून जमलं.

माग कोणाला द्यायचा, हा प्रश्न तुम्हाला दिल्लीत विचारतीलच. प्रवाह सगळ्यांना द्या, मच्छीमारांना तर मराठीत आणि मोबाईलवर द्या. विमानांचे माग तटरक्षक दलाच्या मुंबईच्या शोध-बचाव केंद्राला सोडून कोणालाही देऊ नका. नौदलाची विमानं या आकाशात रोज असतात, त्यांचं वेळापत्रक वेबसाइटवर कशाला? मला ते बघायची हौस नाही. संपर्क तुटल्याची वर्दी आली की केंद्रातल्या माणसाने मागचा अर्धा तास उघडावा, शेवटचा ठिपका बघावा आणि तोच सारॅटमध्ये भरावा, एवढंच.

माझ्याकडे एक वही आहे. भाट्याच्या बाजूला ४ ते १३ मेगाहर्ट्झमध्ये कुठला पट्टा कुठल्या वेळी किती खरखरतो, वीज कुठल्या महिन्यात त्रास देते, संध्याकाळी कुठलं परदेशी स्टेशन कुठं येऊन बसतं, असं हाताने लिहिलेलं. यंत्र साधं, माणूस म्हातारा, तेव्हा आकडे तुमच्या दर्जाचे नसतील. पण वारंवारता निवडताना पहिली चाळणी म्हणून चालतील. झेरॉक्स काढायला दिली तर दुकानदार पानं उलटी लावतो, म्हणून मूळ वहीच देईन. जागा बघायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला ओहोटीची वेळ बघून यायला सांगा, आणि बूट नको, चप्पल घालून.

आपला,
एक निवृत्त मार्कोनीसाब
रत्नागिरी